होडीच्या यंत्रातील ठिणगी : जुन्या आउटबोर्डचे पॉइंट व कंडेन्सर कसे बदलावेत?

पावसाचा जोर ओसरला, श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला, की आपल्या किनाऱ्यावरील होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या अवधीत जाळ्यांची डागडुजी होते, होडीच्या फळ्यांतील सांधे भरले जातात आणि रंगाचा नवा हात दिला जातो. मात्र होडीच्या पाठीमागे टांगलेल्या यंत्राकडे, विशेषतः त्याच्या पोटात दडलेल्या दोन बोटभर भागांकडे, फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हे दोन भाग म्हणजे स्पर्शबिंदू आणि कंडेन्सर. स्पर्शबिंदूंना आपले कारागीर 'पॉइंट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांचे कार्य, त्यांतील बिघाडाची लक्षणे आणि ते बदलण्याची रीत यांचा परिचय करून देण्याचा विचार आहे.

लेखक यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही, हे आरंभीच सांगणे इष्ट होय. कला शाखेचे शिक्षण आणि प्रसिद्धी खात्यातील नोकरी, एवढेच त्याचे भांडवल. तथापि एका प्रसंगाने त्याला या विषयाची विद्यार्थीदशा पत्करावयास लावले.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या जीवनाविषयी माहिती गोळा करण्याच्या निमित्ताने मी एका होडीतून नदीच्या मुखाबाहेर गेलो होतो. परतताना सायंकाळ झाली. ओहोटी लागली होती. गोव्यातील नद्यांच्या मुखांशी वाळूचे बांध साचतात. ओहोटीचे पाणी बाहेर धावते, समुद्राची लाट आत येते आणि त्या दोहोंची झुंज नेमकी त्या उथळ जागी होते. तेथे येताच यंत्राचा आवाज बदलला. दोन सिलिंडरांच्या यंत्राचे एक सिलिंडर बंद पडले होते. उरलेल्या एकाच्या बळावर होडी प्रवाहापुढे सरकेना. तांडेलाने यंत्र बंद करून प्लग बदलला. यंत्र सुरू झाले, चार-पाच मिनिटे नीट चालले आणि पुन्हा अडखळून शेवटी थांबले. दोरी ओढून ओढून तांडेलाचे हात सोलून निघाले. होडी हळूहळू आडवी होऊ लागली. वल्ही घरी राहिली होती. "यंत्र आहे, तर वल्ही कशाला, साहेब?" असे सकाळी निघताना तांडेलच हसून म्हणाले होते.

सुदैवाने मागून दुसरी होडी आली, दोरखंड फेकला गेला आणि आम्ही काठाला लागलो. दुसऱ्या दिवशी गावातील मेस्ताने यंत्र उघडले. "मामा, प्लग बदलून काय होणार? रोग वर नाही, खाली आहे," असे म्हणत त्याने फ्लायव्हीलखालचा एक लहानसा भाग तळहातावर ठेवून दाखविला. पॉइंटचे तोंड निळसर काळे पडले होते व त्यावर खड्डे पडले होते. कंडेन्सर तापल्यावर दगा देत होता. यंत्र थंड असताना ठिणगी पडे, तापले की नाहीशी होई. तीन माणसांचे प्राण त्या सायंकाळी सुपारीएवढ्या वस्तूवर अवलंबून होते, ही जाणीव मनातून गेली नाही. पुढे त्याच मेस्ताकडे बसून हा विषय मी समजून घेतला.

यंत्राचा थोडा इतिहास

होडीच्या पाठीमागे टांगता येणारे यंत्र व्यापारी प्रमाणावर यशस्वी करून दाखविण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड यांस दिले जाते. ते मूळचे नॉर्वेचे. १८७७ मध्ये त्यांचा जन्म झाला व बालपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत गेले. उन्हाळ्यातील एका सहलीत वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास त्यांनी तळ्यातून होडी वल्हवली आणि परत येईतो ते वितळून गेले, तेव्हा त्यांना यंत्राची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. १९०९ मध्ये त्यांच्या यंत्रांची विक्री सुरू झाली. त्यांच्या नावाने चालणारे उत्पादन २०२० मध्ये थांबले. पण जुनी यंत्रे जगभर अजून चालत आहेत, आणि म्हणूनच त्यांचे सुटे भाग ओळखण्याचे व बसविण्याचे ज्ञान अधिकच मोलाचे ठरते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पारंपरिक होड्यांना अशी यंत्रे मोठ्या संख्येने लागली ती १९८० च्या दशकात. मच्छीमार त्यामुळे दूरवर जाऊ लागला आणि वाऱ्याची वाट पाहणे संपले. परंतु ज्याच्या भरवशावर आपण दूर जातो, त्याची नाडी आपल्यास कळली पाहिजे, ही जबाबदारीही त्यासोबत आली.

ठिणगी निर्माण कशी होते?

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राच्या सिलिंडरात इंधन व हवा यांचे मिश्रण दाबले जाते व योग्य क्षणी ठिणगी पडून ते पेटते. मोटारगाडीत या ठिणगीसाठी बॅटरीची वीज वापरतात. जुन्या लहान आउटबोर्ड यंत्राला बॅटरी नसते. ते आपली वीज आपणच निर्माण करते. या योजनेस 'मॅग्नेटो' म्हणतात.

सायकलचा डायनॅमो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात चुंबक फिरतो, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते व दिवा लागतो. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी जो नियम शोधून काढला, त्याचेच हे रूप. आउटबोर्ड यंत्राच्या डोक्यावर जे जड चाक असते ते फ्लायव्हील. त्याच्या आतील कडेला चुंबक बसविलेले असतात. चाकाखालच्या स्थिर तबकडीवर कॉइल असते. तिच्यात दोन वेटोळी असतात : पहिले जाड तारेचे व थोड्या फेऱ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेचे व हजारो फेऱ्यांचे.

चाक फिरू लागले की पहिल्या वेटोळ्यात वीज वाहू लागते. तिची वाट पॉइंटमधून जाते. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकलेली धातूची दोन लहान तोंडे. यंत्राच्या दांड्यावर एक उंचवटा असतो, त्यास कॅम म्हणतात. दांडा फिरताना हा उंचवटा पॉइंटचा एक हात ढकलतो आणि दोन्ही तोंडे क्षणभर विलग होतात. वाहती वीज एकाएकी तुटते. त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्यात दहा हजार व्होल्टांच्या घरातील किंवा त्याहूनही अधिक दाब निर्माण होतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडी घेते.

येथे कंडेन्सरचे काम लक्षात घेतले पाहिजे. वाहणारी वीज तोडली की ती सहजासहजी थांबत नाही. पॉइंट उघडताना त्यांच्या फटीतूनच उडी मारून पुढे जाण्याचा तिचा यत्न असतो. खाजण शेतीच्या बांधावरील मानशीचे दार एकदम बंद झाले तर पाण्याचा लोंढा दारावर आदळतो. जवळ पाणी सामावून घेणारी पोय असेल तर दार शाबूत राहते. कंडेन्सर ही विजेची पोय होय. पॉइंट उघडताना उसळणारी वीज तो क्षणभर आपल्या पोटात घेतो. त्यामुळे पॉइंटची तोंडे जळत नाहीत व वीज झटकन तुटून ठिणगी जोरकस पडते. कंडेन्सर निकामी झाला तर ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवरच पडू लागते.

दोन फटक्यांच्या यंत्रात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी लागते. मिनिटास ४,५०० फेरे होत असतील, तर दर सेकंदास ७५ वेळा पॉइंट उघडतात व मिटतात. तासाभरात हा आकडा २,७०,००० वर जातो. एवढे कष्ट करणारा भाग झिजणारच. त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते त्याच्याकडे कित्येक वर्षे कोणी पाहत नाही, याचे.

बिघाडाची कारणे

पहिले कारण झीज. कॅमवर घासणारा पॉइंटचा टेकू झिजत जातो, तोंडांमधील अंतर कमी होते, ठिणगी उशिरा व दुबळी पडते. दुसरे कारण खारी हवा. यंत्र महिनोन्महिने पडून राहिले की तोंडांवर करडा पापुद्रा धरतो. डोळ्यांस तो जेमतेम दिसतो, पण विजेची वाट अडवतो. पावसाळ्यानंतर जे यंत्र 'काल ठेवले तेव्हा चांगले होते' आणि आज सुरू होत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तिसरे कारण तेल. दांड्याच्या वरच्या सीलमधून तेलकट वाफ येऊन पॉइंटवर बसते. चौथे, कंडेन्सरचे वार्धक्य. याशिवाय कॉइलच्या आवरणास तडा जाणे, तारेचे वेष्टन सोलून ती लोखंडास टेकणे, हेही दोष संभवतात.

आधी निदान, मग उपचार

यंत्र सुरू होत नाही म्हणून लागलीच फ्लायव्हील काढू नये. प्रथम इंधन पोहोचते काय ते पाहावे. टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र उघडे आहे ना, इंधनात पाणी नाही ना, याची खात्री करावी. बंद करण्याच्या कळीस सुरक्षा-दोरीची चिमटी असल्यास ती जागेवर आहे ना, हेही पाहावे. ती निघालेली असेल तर ठिणगी मुळीच पडत नाही.

त्यानंतर ठिणगीची परीक्षा घ्यावी. यंत्र न्यूट्रलमध्ये ठेवून दोन्ही प्लग काढावेत. इंधनाची नळी विलग करून दूर ठेवावी व सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे. प्लग आपापल्या टोपीत घालून त्यांची धातूची अंगे यंत्राच्या उघड्या धातूस घट्ट टेकवावीत, मात्र प्लगच्या भोकांपासून दूर. कारण भोकातून इंधनाचे तुषार बाहेर येतात व ते पेटण्याचा धोका असतो. टोपी उघड्या हाताने धरू नये. आता दोरी जोराने ओढावी. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर मॅग्नेटो ठीक आहे. पिवळसर व दुबळी ठिणगी, किंवा ठिणगीचा अभाव, म्हणजे दोष आहे असे समजावे. तसे दिसल्यास बंद करण्याच्या कळीकडून येणारी तार सोडवून पुन्हा पाहावे. ठिणगी परत आली तर दोष कळीत आहे, पॉइंटमध्ये नाही.

एका प्लगवर ठिणगी आहे व दुसऱ्यावर नाही, असे आढळल्यास प्लगची अदलाबदल करून पाहावी. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग नवा घालावा. दोष जागेवरच राहिला तर तो खाली, फ्लायव्हीलच्या पोटात आहे. आमच्या तांडेलांनी ही अदलाबदल किनाऱ्यावर केली असती, तर ती सायंकाळ निराळी गेली असती.

आणखी एक लक्षण ध्यानी ठेवावे. थंड असताना यंत्र चालते, तापल्यावर मरते आणि अर्धा तास थंड झाल्यावर पुन्हा चालू होते, असे घडत असेल, तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर घ्यावा.

लागणारी हत्यारे व पूर्वतयारी

योग्य मापाचे पाने व सॉकेट, स्क्रू-ड्रायव्हर, फ्लायव्हील काढण्याचा पुलर, अंतर मोजण्याच्या पातळ पात्यांचा फीलर गेज, स्वच्छ फडकी, थोडे स्पिरिट, आणि मिळाल्यास वीजतपासणीचा मल्टिमीटर, एवढी सामग्री पुरे. सुटे भाग मागवताना यंत्राच्या कंसावरील पट्टीवर कोरलेला नमुना-क्रमांक उतरून न्यावा. एकाच कंपनीच्या, एकाच अश्वशक्तीच्या दोन यंत्रांचे पॉइंट निराळे असू शकतात. पॉइंट व कंडेन्सर ही जोडी एकदमच बदलावी. कंडेन्सर अल्प किमतीचा असतो, आणि तो वाचवण्यासाठी फ्लायव्हील दुसऱ्यांदा काढण्याचे श्रम करणे शहाणपणाचे नव्हे.

हे काम होडीत बसून करू नये. यंत्र उतरवून जमिनीवर भक्कम लाकडी घोडीला अडकवावे. खाली स्वच्छ चादर अंथरावी, म्हणजे पडलेला स्क्रू वाळूत हरवणार नाही. आसपास विडी, चूल वा कंदील नसावा.

प्रत्यक्ष काम

प्लगच्या टोप्या काढून ठेवाव्यात, जेणेकरून चाक फिरवताना यंत्र चुकून सुरू होणार नाही. वरचे आवरण काढावे. दोरी गुंडाळणारा स्टार्टर बाहेरचे बोल्ट सोडवून अखंड उचलावा. त्याच्या आत ताणलेली स्प्रिंग असते, म्हणून तो खोलू नये. ही स्प्रिंग सुटली तर डोळ्यांस इजा करू शकते.

आता फ्लायव्हील पट्ट्याने घट्ट धरून मधले नट सैल करावे. नट पूर्ण काढून न टाकता दांड्याच्या टोकाबरोबर राहील इतके वर आणावे, म्हणजे दांड्याचे आटे सुरक्षित राहतात. फ्लायव्हीलच्या मध्यभागी बहुधा तीन आट्यांची भोके असतात. त्यांत पुलरचे बोल्ट बसवावेत. हे बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील तर आरपार जाऊन खालची कॉइल फोडतात, याचे भान ठेवावे. मग पुलरचा मधला स्क्रू हळूहळू आवळावा. चाक सुटत नसेल तर त्या स्क्रूच्या माथ्यावर हलकासा ठोका द्यावा. 'टक्' असा आवाज होऊन चाक मोकळे होते.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, चाकाच्या कडेला नखे अडकवून ओढणे. त्यामुळे चाक वाकते. दुसरी, दांड्यावर थेट घणाचे घाव घालणे. त्यामुळे आतील बेअरिंगला इजा होते व चुंबकही दुबळे होऊ शकतात. मेस्त म्हणाला ते येथे नमूद करतो : "घण उचलावासा वाटला की चहा प्यायला जावे." सुटलेले चाक उलटे, स्वच्छ जागी ठेवावे. चुंबकांस लोखंडाचा कीस लवकर चिकटतो. दांड्यावरील खाचेत बसलेली लहान चावी जपून काढावी. ती कापली गेली असेल तर नवी घालावी, कारण चाक व दांडा यांचा मेळ तीच राखते आणि तो ढळला की ठिणगीची वेळ चुकते.

खालची तबकडी आता दिसू लागते. काहीही सोडवण्यापूर्वी प्रत्येक तार कोठे जाते त्याचा कागदावर आराखडा काढावा, अथवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. दोन सिलिंडरांच्या यंत्रांत पुष्कळदा दोन पॉइंट व दोन कंडेन्सर असतात. एका वेळी एकच जोडी बदलावी. दुसरी नमुन्यादाखल तशीच राहू द्यावी. जुना पॉइंट व कंडेन्सर सोडवावेत, त्यांच्याखालची जागा पुसून काढावी आणि नवे भाग बसवावेत. कंडेन्सरचे अंग तबकडीच्या धातूस नीट टेकले पाहिजे, अन्यथा तो असून नसल्यासारखा होतो. काही यंत्रांत कॅम निराळा निघतो. त्याची कोणती बाजू वर होती, हे पाहून ठेवावे.

नव्या पॉइंटच्या तोंडांवर गंजरोधक तेलाचा हात दिलेला असतो. स्पिरिटात भिजवलेली स्वच्छ कागदाची पट्टी तोंडांमधून ओढून तो काढावा. फडक्याचा धागा तेथे राहणार नाही, हे पाहावे. जुन्या पॉइंटवर एमरी कागद घासण्याची चाल आहे. ती टाकून द्यावी, कारण त्याचे कण धातूत रुततात आणि तोंडे पुन्हा जळू लागतात.

अंतर हेच मर्म

सर्वांत नाजूक काम म्हणजे पॉइंटमधील अंतर जुळवणे. दांडा नेहमी वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे यंत्र चालताना फिरतो त्याच दिशेने फिरवावा. उलट फिरवल्यास खालील पाण्याच्या पंपाची रबरी पंखी दुखावते. कॅमचा सर्वांत उंच भाग पॉइंटच्या टेकूखाली आला की तोंडे पूर्ण उघडी होतात. त्या स्थितीत अंतर मोजावे.

जॉन्सन व एव्हिनरूड या जुन्या अमेरिकी बनावटीच्या लहान यंत्रांत हे अंतर बहुधा ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. इतर बनावटींत ते कमी असू शकते. म्हणून आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. फीलरची पात तेलविरहित करून फटीत घालावी. ती किंचित अडत सरकली पाहिजे. ०.०२० इंच अंतर हवे असेल तर ०.०१८ ची पात मोकळी जावी आणि ०.०२२ ची जाऊ नये. स्क्रू आवळताना अंतर बदलते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. अंतर वाढले तर ठिणगी लवकर पडते, कमी झाले तर उशिरा. दोन्ही पॉइंटचे अंतर समान असले तरच दोन्ही सिलिंडर सारखा भार उचलतात.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक खात्री करता येते. कॉइलची तार पॉइंटवरून सोडवून ठेवावी. तोंडे मिटलेली असताना वीज निर्वेध वाहिली पाहिजे व उघडताच पूर्ण तुटली पाहिजे. कॉइलची तार जोडलेली राहिल्यास ही परीक्षा फसवी ठरते, कारण पहिल्या वेटोळ्यातूनही वाट मिळते. परीक्षा झाल्यावर तार पूर्ववत जोडावी.

कॅमवर टेकणारा नमद्याचा तुकडा असल्यास त्यास तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. अधिक तेल उडून पॉइंटवरच जाते.

पुनर्जोडणी व चाचणी

सर्व तारा जागच्या जागी दाबून बसवाव्यात. फिरत्या चाकास एकही तार घासता कामा नये. दांड्याचा निमुळता भाग व चाकाचे भोक स्पिरिटने पुसून कोरडे करावे. तेथे तेल अथवा ग्रीस लावू नये, कारण त्या कोरड्या पकडीवरच चाकाचा भार असतो. चावी बसवावी, चाक ठेवावे आणि नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावे. सैल नट चावी कापते व दांडा खराब करते. हाताने चाक फिरवून कोठे घासत नाही ना, ते पाहावे व पूर्वीप्रमाणे ठिणगीची परीक्षा घ्यावी.

यंत्र सुरू करून पाहावयाचे तर ते पाण्यातच पाहावे. गोड्या पाण्याने भरलेले मोठे पिंप त्यासाठी चालते. कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाची पंखी अल्पावधीत जळते. यंत्र निदान वीस मिनिटे, चांगले तापेपर्यंत चालू ठेवावे. तापल्यावर दगा देणारा दोष थंड परीक्षेत सापडत नाही, हे आमच्या प्रसंगातून दिसलेच आहे. त्यानंतरची पहिली फेरी नदीतच, काठाजवळ करावी.

ही रीत कोणत्या यंत्रांस लागू नाही?

पुढील काळातील बहुतेक आउटबोर्ड यंत्रांत पॉइंट नसतात. त्यांत विजेचा साठा करून तो एकदम सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. कारागीर तिला 'सीडीआय' म्हणतात. तीत झिजणारे तोंड नाही व अंतर जुळवण्याचे काम नाही. पण दाब मोठा असतो आणि चुकीच्या तपासणीने पेटी कायमची निकामी होऊ शकते. तिचा दोष जाणकार कारागिराकडूनच पाहून घ्यावा. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवणे हिताचे.

किनाऱ्यावर पाळावयाचे काही नेम

दर फेरीनंतर यंत्र गोड्या पाण्यावर थोडा वेळ चालवावे. आवरणाची रबरी कड फाटलेली असल्यास बदलावी, कारण तिच्यातूनच खारे तुषार आत जातात. वर्षातून एकदा, मासेमारी बंदीच्या काळात, पॉइंटचे अंतर तपासावे. नवा पॉइंट, कंडेन्सर, प्लग व चावी यांचा एक संच डब्यात बंद करून घरी ठेवावा. प्लगचा संच व पाना होडीत असावा. मात्र फ्लायव्हील उघडण्याचे काम लाटांवर कोणी करू नये. समुद्रात यंत्र थांबले तर प्रथम नांगर टाकून होडीचे तोंड लाटेकडे ठेवावे, आणि मग निदानास लागावे. वल्ही, नांगर, दोरखंड व अंगरक्षक जाकिटे यांवाचून होडी काठ सोडणार नाही, असा नेमच करावा. संकटसमयी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांच्या तोंडी असावा.

शिक्षक बंधुभगिनींनी या विषयाचा वर्गात उपयोग करून घ्यावा, अशी विनंती आहे. विद्युत्चुंबकीय प्रवर्तन हा पाठ फळ्यावर कंटाळवाणा वाटतो. मेस्ताच्या पडवीतील एक निकामी फ्लायव्हील व जुनी कॉइल वर्गात आणली, तर तोच पाठ किनाऱ्यावरील मुलांच्या घरचा होतो. ज्या मुलांचे वडील पहाटे दर्यावर जातात, त्यांना फॅरडेचा नियम परका राहणार नाही. ग्रामपंचायती व मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांनीही पुलर व फीलर गेज यांसारखी हत्यारे गावात सामाईक ठेवली, तर ती एकेका कुटुंबास विकत घ्यावी लागणार नाहीत. बंदीच्या काळात एक-दोन दिवस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकास वा गावच्याच अनुभवी मेस्तास बोलावून प्रात्यक्षिक ठेवता येईल.

त्या सायंकाळचे तांडेल अजून दर्यावर जातात. अलीकडे त्यांची भेट झाली तेव्हा होडीत वल्ही नीट बांधून ठेवलेली दिसली. यंत्राची विचारपूस करताच त्यांनी खिशातून फीलर गेज काढून दाखविला आणि म्हणाले, "साहेब, आता श्रावणात नारळ वाहण्याआधी हा फटीत घालून पाहतो." दर्यावरील श्रद्धा आणि यंत्राविषयीचे ज्ञान यांत विरोध नाही. दोन्ही असली म्हणजे होडी सुखरूप काठाला लागते.